आधी टेस्टर, मग पक्कड : संगणकाच्या काळ्या पडद्यावरील आज्ञा

घरातला दिवा लागला नाही म्हणून कोणताही जाणता वायरमन लगेच पक्कड काढून वायर तोडत नाही. तो आधी टेस्टर लावतो. वीज कुठपर्यंत येते आणि कुठे अडते ते पाहतो. फ्यूज गेला आहे की बटण खराब आहे, याचा उलगडा झाला की मगच हत्याराला हात घालतो. तपासायला वीस मिनिटे लागतात, दुरुस्तीला दोन. ज्याने हा क्रम उलटा केला त्याला शॉक बसतो, नाहीतर सगळी चाळ अंधारात जाते.

संगणकाची यंत्रणा सांभाळण्याचे काम नेमके असेच आहे. आज रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, दहावी-बारावीचा निकाल, रेशन दुकानातील अंगठा घेणारे यंत्र, मोठ्या दवाखान्यातील केसपेपर या सर्वांच्या मागे कुठेतरी एका थंड खोलीत सर्व्हर नावाचे संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना बहुधा पडदाही नसतो आणि माऊसही नसतो. त्यांची देखभाल करणारी व्यक्ती दुसरीकडे बसून, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत छोट्या छोट्या आज्ञा लिहून काम करते. या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली आज डेटा एंट्री, कॉल सेंटर, संगणक ऑपरेटर अशा कामांवर आहेत. त्यांच्या हाताला टायपिंगचा वेग आहे, पडद्यासमोर बसण्याची सवय आहे. त्यांच्या कामापासून सर्व्हरच्या देखभालीचे काम फार लांब नाही. मधे आहे तो हा काळा पडदा आणि त्याची भीती. ती भीती कमी व्हावी, पण सावधपणा मात्र राहावा, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या आज्ञांचे दोन गट आहेत. पहिल्या गटातील आज्ञा फक्त पाहतात, विचारतात, मोजतात. त्यांनी काहीही बिघडत नाही. दुसऱ्या गटातील आज्ञा बदल करतात, बंद करतात, पुसतात. पहिला गट टेस्टर आहे, दुसरा पक्कड. नवशिक्याने पहिला गट पाठ करावा आणि दुसऱ्या गटाला पहिल्याशिवाय हात लावू नये. मुरलेल्या माणसाचाही बराचसा वेळ पहिल्या गटातच जातो.

ही भाषा इतकी तुटक का?

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली तयार करायला सुरुवात केली. त्या वेळी आजच्यासारखे पडदे नव्हते. टेलिटाईप नावाचे, टाईपरायटरसारखे खडखड करणारे यंत्र संगणकाला जोडलेले असे. ते कागदावर सेकंदाला सुमारे १० अक्षरे छापत असे आणि त्याच्या कळा दाबायलाही जोर लागे. साहजिकच आज्ञा जितकी छोटी तितके बरे. म्हणून ‘लिस्ट’ या शब्दाचे ‘एल-एस’ झाले, ‘कॉपी’चे ‘सी-पी’ झाले, ‘रिमूव्ह’चे ‘आर-एम’ झाले. तारेत शब्दागणिक पैसे पडत म्हणून आपण कमीत कमी शब्द लिहीत होतो, तसाच हा प्रकार.

पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली. आज जगातील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच आहे. आपल्या हातातील अँड्रॉईड फोनच्या आतही लिनक्सचाच गाभा आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी कार्यप्रणाली केली, तीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यातील बहुतेक गोष्टी विनामूल्य आहेत. शिकण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही. कोणाची शिफारस लागत नाही.

आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाईप करायच्या असतात. येथे आपण त्यांच्या अक्षरांची नावे देवनागरीत देऊ. लिनक्समध्ये मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे मानतात, एवढे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रश्न : मी कुठे आहे?

पोस्टमन पत्र टाकण्याआधी चाळीचा नंबर पाहतो. इथेही तसेच. पडदा उघडल्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत.

‘होस्टनेम’ ही आज्ञा दिली की आपण कोणत्या यंत्रावर आहोत त्याचे नाव मिळते. ‘व्हू-अ‍ॅम-आय’ हे तीन शब्द सलग जोडून लिहिले की आपण कोणत्या नावाने आत शिरलो आहोत ते कळते. आणि ‘पी-डब्ल्यू-डी’ लिहिले की आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते दिसते. पीडब्ल्यूडी म्हटले की आपल्याला सार्वजनिक बांधकाम खाते आठवते, म्हणून ही आज्ञा विसरणार नाही! त्यानंतर ‘एल-एस’ लिहिले की त्या फोल्डरमधील फाईलींची यादी येते. ‘एल-एस’पुढे एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘एल’ लिहिले की प्रत्येक फाईल कोणाची, किती मोठी, केव्हा बदललेली हेही कळते. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाण्यासाठी ‘सी-डी’ आणि पुढे त्याचे नाव.

हे प्रश्न बालवाडीचे वाटतील. पण ते न विचारल्याने काय होते, याचे एक जाहीर उदाहरण आहे. गिटलॅब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम साठवून ठेवणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील माहितीचे फोल्डर पुसून नव्याने भरायचे होते. रात्र झाली होती, बराच वेळ बिघाडाशी झुंज चालू होती. पुसण्याची आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवीपर्यंत एक-दोन सेकंदच गेले होते. पण सुमारे ३०० गिगाबाईट माहितीपैकी साडेचार गिगाबाईटच उरली होती. मग राखीव प्रती शोधल्या, तर त्या घेण्याच्या ज्या पद्धती ठरवलेल्या होत्या त्या वेळेवर उपयोगी पडल्या नाहीत. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या.

कंपनीने ही सगळी हकीकत जाहीर अहवालात मांडली. त्यातील एक उपाय अगदी साधा होता : प्रत्येक सर्व्हरच्या पडद्यावर त्याचे नाव ठळकपणे वेगळे दिसले पाहिजे. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी ‘मी कुठे आहे?’ याच प्रश्नाकडे यावे लागले.

दुसरा प्रश्न : यंत्राची प्रकृती कशी आहे?

डॉक्टर आधी नाडी पाहतो, ताप मोजतो. सर्व्हर संथ चालतो अशी तक्रार आली की चार आज्ञा द्याव्यात.

‘अपटाईम’ ही आज्ञा यंत्र किती दिवस सलग चालू आहे ते सांगते आणि शेवटी तीन आकडे देते. ते गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतील सरासरी भार दाखवतात. भार म्हणजे रेशन दुकानापुढील गर्दी समजा. किती कामे चालू आहेत आणि किती रांगेत ताटकळत आहेत यांची ती बेरीज. दुकानात चार काटे असतील तर चार माणसांचे काम एकाच वेळी होते, पाचवा थांबतो. संगणकाला असे किती ‘काटे’ आहेत ते ‘एन-प्रोक’ ही आज्ञा सांगते. आकडा ४ आला आणि भार ३ असेल तर काळजी नाही. भार १२ असेल तर रांग लागली आहे. तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी आताच वाढली आहे. उलट असेल तर ती ओसरत आहे.

‘टॉप’ ही आज्ञा कोणते काम किती शक्ती खात आहे ते सतत बदलत्या तक्त्यात दाखवते. सर्वांत खादाड काम वर असते. बाहेर पडायला ‘क्यू’ दाबावे.

‘फ्री’ पुढे आडवी रेघ आणि ‘एच’ लिहिले की स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, हिशेब समोर येतो. येथे नवशिके हमखास घाबरतात. ‘फ्री’ या रकान्यात फार थोडा आकडा दिसतो आणि वाटते, मेमरी संपली. पण लिनक्स रिकामी मेमरी नुसती पडून देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाईली तिच्यात ठेवतो आणि गरज पडली की लगेच ती मोकळी करतो. म्हणून पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना.

चौथी आज्ञा ‘डी-एफ’. तिच्यापुढेही आडवी रेघ आणि ‘एच’. डिस्कवर किती जागा भरली ते ती टक्क्यांत सांगते. सर्व्हर बंद पडण्याचे एक अगदी नेहमीचे कारण म्हणजे भरलेली डिस्क. जागाच नाही म्हटल्यावर नवीन नोंद लिहिता येत नाही, आणि नोंद लिहिता आली नाही की बँकेचा असो वा दवाखान्याचा, सगळा व्यवहार खोळंबतो.

डिस्क भरलेली दिसली म्हणजे लगेच पुसायला घेऊ नये. आधी जागा कोणी खाल्ली ते शोधावे. त्यासाठी ‘डी-यू’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे आडवी रेघ आणि ‘एस-एच’, मग एक जागा सोडून फुलीसारखे चांदणीचे चिन्ह. म्हणजे येथील प्रत्येक फोल्डरचे वजन वेगवेगळे दाखव. सर्वांत जड फोल्डरमध्ये शिरावे, तीच आज्ञा पुन्हा द्यावी. असे करत तीन-चार पायऱ्यांत मूळ सापडते. बहुतेक वेळा ते ‘व्हार’ फोल्डरच्या आतील ‘लॉग’ फोल्डरमध्ये असते.

दोन खाचाखोचा मुद्दाम सांगतो, कारण मुलाखतीतही त्या विचारल्या जातात. पहिली : मोठी फाईल पुसली तरी ‘डी-एफ’ जागा मोकळी झालेली दाखवत नाही. कारण ती फाईल एखाद्या चालू कामाने अजून उघडून ठेवलेली असते. भाडेकरूचे नाव पाटीवरून काढले तरी तो खोलीतच आहे, तशी गत. ‘एल-एस-ओ-एफ’ ही आज्ञा कोणती फाईल कोणी धरून ठेवली आहे ते सांगते. ते काम रीतसर पुन्हा सुरू केले की जागा सुटते. दुसरी : डिस्कवर जागा दिसते, तरीही नवीन फाईल होत नाही. मग ‘डी-एफ’पुढे आडवी रेघ आणि ‘आय’ लिहून पाहावे. फाईलींच्या नोंदीचे रकाने संपलेले असतात. लाखो चिमुकल्या फाईली साठल्या की असे घडते. गोदामात जागा आहे, पण आवक-नोंदवहीची पाने संपली!

तिसरा प्रश्न : नोंदवही काय म्हणते?

सर्व्हर स्वतःची रोजनिशी ठेवतो. कोण आत आले, कोणते काम सुरू झाले, काय चुकले, सगळे वेळेसह लिहिलेले असते. या नोंदींना लॉग म्हणतात. लोक अंदाज बांधत बसतात, ‘काल कोणीतरी काहीतरी केले असेल’ म्हणतात, आणि नोंदवही मात्र कोणी उघडत नाही. ऐकीव गोष्टीवर काम करू नये, नोंद वाचून करावे.

‘लेस’ ही आज्ञा फाईल पानापानाने दाखवते, तिच्यात काही बदलत नाही. ‘टेल’ ही शेवटच्या १० ओळी दाखवते, आणि तिच्यापुढे आडवी रेघ व ‘एफ’ लिहिले तर नवीन येणारी प्रत्येक ओळ तिथल्या तिथे दिसत राहते. आजच्या अनेक लिनक्स यंत्रांवर ‘जर्नल-सी-टी-एल’ ही आज्ञा सर्व सेवांच्या नोंदी एकत्र दाखवते. एखाद्या सेवेचे नाव दिले तर फक्त तिच्याच.

पण नोंदी लाखांनी असतात. त्यातून हवी ती ओळ निवडण्यासाठी ‘ग्रेप’ आहे. ही आज्ञा केन थॉम्प्सन यांचीच. दिलेला शब्द ज्या ओळींत असेल तेवढ्याच ओळी ती दाखवते. सुपात धान्य घोळवून खडे वेगळे काढावेत तशी.

आणि या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे उभी रेघ. तिला पाईप म्हणतात. डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि १९७३ साली ती युनिक्समध्ये आली. एका आज्ञेचे उत्तर उभ्या रेघेतून थेट दुसऱ्या आज्ञेच्या हातात जाते. ‘ग्रेप’ने चुकलेल्या पासवर्डच्या ओळी काढल्या, उभी रेघ दिली, पुढे ‘डब्ल्यू-सी’ आणि आडवी रेघ ‘एल’ लिहिले, की अशा ओळी किती ते मोजून मिळते. बांधकामावर घमेली हातोहात वर जातात, प्रत्येक जण आपले एकच काम करतो, आणि स्लॅब पडतो. काळ्या पडद्याची खरी ताकद या जोडणीत आहे.

चौथा प्रश्न : हा अधिकार कोणाला?

‘एल-एस’ आडवी रेघ ‘एल’ लिहिले की प्रत्येक फाईलपुढे ‘आर’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ अशी अक्षरे दिसतात. ‘आर’ म्हणजे वाचण्याचा अधिकार, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याचा, ‘एक्स’ म्हणजे चालवण्याचा. ही अक्षरे तीन वेळा येतात : पहिल्यांदा मालकासाठी, मग गटासाठी, मग इतर सर्वांसाठी. अधिकार बदलायचा तर ‘सी-एच-मॉड’ ही आज्ञा. तिचे गणित सोपे आहे. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. मालकाला वाचणे-लिहिणे म्हणजे ६, गटाला फक्त वाचणे म्हणजे ४, इतरांना काही नाही म्हणजे ०. झाला आकडा ६४०.

काम अडले की घाईत ७७७ हा आकडा टाकायची वाईट खोड अनेकांना असते. म्हणजे सर्वांना सर्व अधिकार. काम चालू होते खरे, पण यंत्रावरील कोणीही ती फाईल वाचू शकतो, बदलू शकतो. त्या फाईलीत रुग्णांची नावे असतील, कामगारांचे पगार असतील, एखाद्या बाईचा पत्ता असेल. दुसऱ्यांची माहिती ही आपल्याकडे सांभाळायला दिलेली ठेव आहे. म्हणून कोणाला नेमके काय हवे ते विचारून तेवढाच अधिकार द्यावा.

यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणून बसून राहणे धोक्याचे. त्यासाठी ‘सुडो’ आहे. अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास तिचा जन्म झाला. आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लिहिले की तेवढ्या एका कामापुरता वरचा अधिकार मिळतो, आणि कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली त्याची नोंद होते. ही नोंद पाळतीसाठी आहे असे मानू नये. उद्या खोटा आळ आला तर हीच नोंद आपली साक्षीदार असते.

दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी ‘एस-एस-एच’ वापरतात. हेलसिंकी येथील तंत्र विद्यापीठात पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ साली ही पद्धत लिहिली. तिच्यात सारे संभाषण कुलूपबंद होऊन जाते, वाटेत कोणाला वाचता येत नाही.

आता पक्कड

येथवरच्या आज्ञा मुख्यतः पाहण्याच्या होत्या. आता बदल करणाऱ्या आज्ञा, आणि प्रत्येकीच्या आधी लावायचा टेस्टर.

सेवा पुन्हा सुरू करण्यासाठी ‘सिस्टिम-सी-टी-एल’ आणि ‘रीस्टार्ट’. पण आधी त्याच आज्ञेपुढे ‘स्टेटस’ लिहून सेवेची अवस्था व तिच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. अडकलेले काम थांबवण्यासाठी ‘किल’. आधी ‘पी-एस’ने त्या कामाचा क्रमांक खात्रीने पाहावा. नुसते ‘किल’ म्हणजे १५ क्रमांकाचा संदेश : ‘आवरते घे.’ काम हातातील फाईल नीट मिटून थांबते. ९ क्रमांक लावला तर काम जागच्या जागी तुटते, अर्धवट लिहिलेले तसेच राहते. म्हणून ९ हा शेवटचा उपाय.

ठरलेल्या वेळी आपोआप काम करवून घेण्यासाठी ‘क्रॉनटॅब’ आहे. त्यात मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने भरून पुढे आज्ञा लिहितात. पाहण्यासाठी आडवी रेघ ‘एल’, बदलण्यासाठी ‘ई’, आणि संपूर्ण तक्ता पुसण्यासाठी ‘आर’. कळफलकावर ‘ई’ आणि ‘आर’ शेजारी शेजारी आहेत! बोट जरा सरकले की महिनोन्‌महिन्यांचा तक्ता न विचारता जातो. म्हणून बदलण्याआधी ‘एल’ने पाहून त्याची प्रत दुसऱ्या फाईलीत ठेवावी.

आणि ‘आर-एम’. ही पुसण्याची आज्ञा. काळ्या पडद्यावर कचऱ्याची टोपली नसते. पुसले ते गेले. ‘आर-एम’पुढे ‘आर’ लावला तर फोल्डर आतल्या सगळ्यासह जाते, ‘एफ’ लावला तर विचारतही नाही. साधा नियम असा : जे पुसायचे आहे ते वर्णन आधी ‘एल-एस’ला द्यावे. यादी वाचावी. तीच यादी पुसायची आहे अशी खात्री झाली, तरच ‘एल-एस’च्या जागी ‘आर-एम’ लिहावे.

१९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीचे ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. कोणीतरी चित्रपटाच्या मूळ फोल्डरवर हीच आज्ञा चालवली आणि काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पात्रे, घरे, झाडे यांच्या फाईली नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रती होत्या, पण त्या परत भरायला गेल्यावर कळले की काही आठवडे त्या नीट घेतल्याच जात नव्हत्या. अशा वेळी तांत्रिक विभागाच्या प्रमुखांपैकी एक, गॅलिन सुसमन, यांना आठवले की आपल्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत आहे. त्यांना नुकतेच बाळ झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत होत्या. तो संगणक मोटारीत पांघरुणात गुंडाळून, पट्ट्याने बांधून कंपनीत आणला गेला आणि काम वाचले. चित्रपट १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. बाळंतिणीने घरून केलेले काम म्हणजे सवलत, असे मानणाऱ्यांनी हे आठवावे. आणि दुसरी : राखीव प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, ती परत भरून पाहिली तरच ती प्रत. गिटलॅब काय, पिक्सार काय, दोघांकडे व्यवस्था कागदावर होती, तिची परीक्षा झाली नव्हती. प्रत घेण्यासाठी ‘आर-सिंक’ ही चांगली आज्ञा आहे. तिच्यापुढे आडवी रेघ व ‘एन’ लावले तर ती प्रत्यक्षात काही न करता, काय करणार आहे तेवढे सांगते. म्हणजे या पकडीलाच टेस्टर जोडलेला आहे.

घरी सराव कसा करावा?

नवा संगणक लागत नाही. जुन्या, संथ झालेल्या संगणकावरही लिनक्सची हलकी आवृत्ती सहसा चालते. पेन ड्राईव्हवरून सुरू करून पाहता येते, आधीचे काही न पुसता. दोन भावंडांत एक संगणक असेल तर प्रत्येकाचे वेगळे नाव तयार करावे. अधिकारांचा धडा तिथेच मिळतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ विनामूल्य आहेत आणि हा प्रकल्प अनेक भारतीय भाषांतून शिकवतो. इंग्रजी कच्चे म्हणून मागे सरू नये. लागणारे इंग्रजी शब्द शंभर-दीडशेच आहेत आणि तेच तेच पुन्हा येतात.

कोणतीही आज्ञा अडली तर ‘मॅन’ लिहून पुढे तिचे नाव लिहावे. संपूर्ण माहिती यंत्रातच भरून ठेवलेली असते. तिच्यातून बाहेर पडायलाही ‘क्यू’. दुसऱ्याने दिलेली आज्ञा, मग ती मित्राची असो, साहेबाची असो की फोनवरील सल्लागार यंत्राची, तिचा प्रत्येक तुकडा काय करतो हे समजल्याशिवाय चालवू नये. ‘हिस्टरी’ ही आज्ञा आपण आजवर काय काय लिहिले ते दाखवते. आठवड्यातून एकदा ती वाचून वहीत उतरवावी : कोणती अडचण आली, काय पाहिले, काय केले, काय झाले. अशी शंभर पाने भरलेली वही घेऊन मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला ‘तुला काय येते?’ या प्रश्नाची भीती उरत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी काळ्या पडद्यापुढे तासभर नुसते वाचत बसलेली दिसली, बोटे हलत नसली, तर ‘काम करत नाहीस’ असे म्हणू नका. ती नोंदवही वाचत आहे. या धंद्यात तेच काम आहे.